मुक्काम पळसदरी

"विकणारा राहतो कुठं?" मनोजनं विचारलं.

"कुठं म्हंजे? पळसदरीला," जयवंता म्हणाली. "ठकूबाईचा पदू. तुमी नाय वळखणार. तुमच्या वडलांना इचारा, ते सांगतील."

"तसं नाही मावशी. बारा महिने इथंच राहतो का?"

जयवंतानं माझ्याकडे बघितलं. कर्जतच्या तहसील कचेरीमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर मनोजचं ऑफिस आहे. लोकांचे आयकराचे कागद तो भरून देतो. जयवंताला आलेली नोटीस इंग्रजीत होती, म्हणून ती मला सोबत घेऊन आली होती. मी पळसदरीच्या शाळेत जन्म काढला, पण असलं सरकारी इंग्रजी मला तरी कुठं कळतं. पदू मात्र पुरता ठाऊक होता. माझ्याच हाताखाली तो शिकला.

"कॅनडात असतो," मी म्हटलं. "वीसेक वर्षं झाली. आता तिकडचाच नागरिक आहे."

मनोजनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टर मध्येच चष्मा काढतात, तसं.

"मग घराचे पैसे देताना त्यातून कर कापला नाहीत?"

"कर भरला की. रजिस्टरच्या हापिसात. पावती हाय माझ्याकडं."

"ते मुद्रांक शुल्क. हा वेगळा." मनोज खुर्ची पुढं ओढून सावकाश बोलू लागला. "इथं राहणाऱ्या माणसाकडून एवढ्या किमतीचं घर घेतलं तर काही कापावं लागत नाही. तुम्हाला सगळ्यांनी हेच सांगितलं असेल. पण विकणारा परदेशात राहणारा असला, की घर लहान असो, मोठं असो, पैसे देतानाच घेणाऱ्यानं कर कापायचा आणि सरकारात भरायचा. कारण तो माणूस पैसे घेऊन निघून जातो, सरकार त्याला शोधणार कुठं? तुम्ही कापला नाहीत. म्हणून आता तुमच्याकडून मागतायत. किमतीचा पाचवा हिस्सा आणि वर व्याज."

जयवंता हसली. खरंच हसली. "आवं, पदू काय गोरा सायेब हाय का? माझ्या मांडीवर हगलाय तो."

मनोज हसला नाही.

"आणि त्यांना कळलं कसं?" मी विचारलं.

"त्यानं पैसे बँकेतून तिकडं पाठवले असतील. बँक सरकारला कळवते. मग बघतात, एवढे पैसे आले कुठून."

जिना उतरताना जयवंतानं माझा हात धरला. एरवी मी तिचा धरते.

जयवंताचा नवरा रामभाऊ रेल्वेत गँगमन होता. लग्न होऊन ती आली ती लायनीशेजारच्या रेल्वेच्या खोलीत. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिनं लागली, की त्या खोलीतली भांडी फळीवर वाजत. त्या आवाजातच तिनं संसार केला. मूलबाळ झालं नाही. ती आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. डोंगरावरच्या वाड्यांतली पोरं तिच्या हातच्या भाकऱ्यांवर वाढली, आणि आजही कुणी बाप्या कर्जतच्या बाजारात तिला गाठून पाया पडतो, तेव्हा ती त्याला आधी विचारते, "जेवलास का रं?" रामभाऊ निवृत्त झाला तशी रेल्वेची खोली गेली. मग भाड्याची खोली, मग दुसरी भाड्याची खोली. तो गेल्यावर त्याचे रेल्वेचे पैसे आणि तिचे स्वतःचे, असे ते कुठंच न लागता बँकेत पडून राहिले होते.

ठकूबाईचं घर माझ्या घराच्या पलीकडं. कौलारू, पुढं ओटा, मागं परसात चिकू. ठकूबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा पदूनं कॅनडाहून मला फोन केला. "बाई, कुणी विश्वासाचं बघा." मी जयवंताला विचारलं. ती एका पिशवीत दोन लुगडी घालून आली आणि राहिली. पदू दर महिन्याला पैसे पाठवायचा, त्यात त्यानं कधी खोट केली नाही. पण जयवंतानं जे केलं ते पगाराचं काम नव्हतं, हे आळीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

भातकापणीच्या दिवसांत ठकूबाई गेली. पदूला रजा मिळाली नाही म्हणे. तेव्हा तो आला नाही, तो आला माघात, घर विकायला. मुंबईच्या लोकांनी जास्त किंमत सांगितली होती. पण तो म्हणाला, "मावशीच घेऊ दे. आईला आवडेल." मला त्या वेळी त्याचं फार कौतुक वाटलं. अजूनही वाटतं, आणि तेच अवघड आहे.

खरेदीच्या दिवशी मीही होते, साक्षीला. कागद लिहिणाऱ्यानं पदूला पत्ता विचारला. पदूच्या खिशात मागं कधीतरी सुट्टीत येऊन काढलेलं, गावच्या पत्त्याचं जुनं आधार कार्ड होतं. तो छाती काढून म्हणाला, "मुक्काम पळसदरी." लिहिणारा हुशार होता. पदूचे बूट, त्याचं घड्याळ त्यानं बघितलं आणि विचारलं, "साहेब बाहेर असता का कुठं?" पदूचा चेहरा उतरला. गावात कुणी त्याला पाहुणा म्हटलं की त्याचं असंच व्हायचं. तेवढ्यात जयवंताच पुढं झाली. "बाहेर कुठला? आमच्या आळीतला हाय तो. लिवा तुमी." भर कचेरीत त्याला परका म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मलाही नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलं.

बँकेतले होते नव्हते ते सगळे पैसे घालून जन्मात पहिल्यांदा जयवंताच्या नावावर घर झालं. मागच्या दोन खोल्या तिनं शनिवार-रविवारी धरण बघायला येणाऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली. पिठलं, भाकरी, तांदळाची खीर. लोक पुन्हा पुन्हा यायचे. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याच भिंतीवर तिनं ठकूबाईचाही लावला.

मनोजनं वाट सांगितली होती. पदूनं इथं रिटर्न भरावं, घराच्या विक्रीवर जो काही कर बसेल तो भरावा आणि तसा दाखला जयवंताला द्यावा. मग तिच्या डोक्यावरचं ओझं बरंचसं उतरेल. कर त्याचाच होता. नफा त्याला झाला होता.

मी पदूला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बघतो, बाई." मग मेसेजला उत्तर येईना. वाचल्याच्या निळ्या खुणा मात्र लगेच उमटायच्या. जयवंता रोज विचारायची, "वाचलं का त्यानं?" मी म्हणायची, "वाचलं." ती म्हणायची, "मंग करंल."

एक दिवस दुपारी एक माणूस आला. गाडीतून उतरला नाही, काच खाली करून घराचा फोटो काढला आणि निघून गेला. जयवंताला वाटलं पाहुणे असतील, खोली बघत असतील. ती दारात उभी राहून हसली होती, तीही त्या फोटोत आली असेल. कर कचेरीचा माणूस असेल, मनोज म्हणाला. त्यानंतर तिनं नवे पाहुणे घेणं कमी केलं. फोन वाजला की आधी माझ्याकडे घेऊन यायची. "बगा बरं कोन हाय."

दुसरी नोटीस आली. तिसरीत मुंबईच्या कचेरीत हजर राहायची तारीख होती.

आणि त्या तारखेच्या आधी पदू स्वतः आला.

जयवंताला किती बरं वाटलं ते काय सांगू. तिनं सकाळीच तांदूळ भिजवले, खीर केली. "मी म्हनलं व्हतं ना बाई, करंल म्हनून." मलाही वाटलं, चला, मिटलं. पण पदू आधी जयवंताकडे गेलाच नव्हता. तो सरपंच जगदीशकडे बसला होता, तिथून दोन-चार घरी गेला होता. हे मला नळावर कळलं. मी गेले तशा बायका बोलायच्या थांबल्या. मग एक जण म्हणाली, "बाई, एक सही हाय नुसती. जयवंताबाईला समजवा. पोरगं एवढ्या लांबून आलंय."

"कसली सही?"

बायका हंडे भरत राहिल्या.

संध्याकाळी उन्हं कलताना पदू ओट्यावर येऊन बसला. साठीच्या आतला माणूस, पण केस माझ्यापेक्षा पांढरे झालेले. मला वाकून नमस्कार केला. खीर खाल्ली. मग बॅगेतून कागद काढला.

"मावशी, मी वकिलाशी बोललो. सोपं आहे. त्या वर्षी मी सहा महिन्यांच्या वर इथं राहिलो असं दाखवायचं. म्हणजे मी परदेशी ठरतच नाही. मग तू काही कापायला पाहिजे होतं असं होतच नाही. तूही सुटलीस, मीही सुटलो. जगदीश ग्रामपंचायतीचा दाखला देतोय. तू घरात राहत होतीस, म्हणून तुझी सही पाहिजे. बाई, तुमचीपण. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"आणि मनोज म्हणाला तसं रिटर्न भरलंस तर?" मी विचारलं.

त्यानं खिरीची वाटी बाजूला सरकवली. "बाई, इथं भरलं की तिकडं दिसतं. तिकडं मी हे घर कधी दाखवलंच नाही. का दाखवलं नाही विचारतील. दंड आहे, चौकशी आहे. माझी नोकरी आधीच... मुलीचं शिक्षण चाललंय."

"काय लिवलंय ते वाच," जयवंता म्हणाली.

त्यानं वाचलं. आवाज खाली घेऊन, भरभर. मी पद्माकर अमुक अमुक, माझ्या आजारी आईच्या सेवेसाठी एप्रिल ते नोव्हेंबर पळसदरी येथील राहत्या घरी वास्तव्यास होतो. आईच्या शेवटच्या आजारात तिची सर्व देखभाल मी स्वतः केली.

तो थांबला. आतून खिरीच्या पातेल्यावरची ताटली सरकल्याचा आवाज आला, मांजर असावं. जयवंता उठली नाही.

"सायेब इचारनार नाय का तुला?" ती म्हणाली.

"काय?"

"एवढे म्हैने सेवा केलीस, तर काय केलंस म्हनून. बस नीट. मी सायेब हाय असं समज. सांग, तुझी आई निजायची कुठं?"

पदू थोडं हसला. "आतल्या खोलीत. खाटेवर."

"आतल्या खोलीत त्या पावसाळ्यात गळत व्हतं. आनि खाट तिला उंच व्हायची, पडंल म्हनून भ्यायची. चुलीपाशी निजायची, भुईवर. जेवायची काय?"

"पेज."

"पेज तिला बघवत नव्हती. चहात बुडवलेली खारी. तीबी मी चावून दाखवली, मंगच तोंड उघडायची."

पदूनं मोबाईल काढला. मला वाटलं कुणाचा फोन आला. पण तो लिहून घेत होता. चुलीपाशी. खारी. पाठ करायला. त्याच्या अंगठ्याकडे बघताना मला तो पाढे लिहिणारा पदू दिसला.

जयवंतालाही ते दिसलं. पण ती सांगत राहिली, मुलाला समजावं तशी. कुठल्या कुशीवर जखम झाली होती. औषधाची वाटी ती कशी पदराखाली लपवायची. एकदा तिला अचानक शुद्ध आली आणि तिनं परसातल्या चिकूला पाणी घातलं का विचारलं. पदू लिहीत होता. मग त्याचा अंगठा सावकाश चालू लागला.

"अग्नी कुनी दिला?" जयवंतानं विचारलं.

"तू दिलास. मोबाईलवर दिसत होतं. मग रेंज गेली."

"हां. तेवढं ठावं हाय तुला. आता शेवटचं इचारते. ती हाका कुनाला मारायची?"

पदूनं मान वर केली.

"तुला," जयवंता म्हणाली. "मला नाय कंदी तिनं माझ्या नावानं हाक मारली, शेवटचे म्हैने. पदू, दिवा लाव. पदू, कूस बदल रं. पदू, भायेर कोन आलंय. मी व्हय म्हनायची. काय करू? नाय म्हनलं की रडायची."

अंधार पडत चालला होता. धरणाकडून गार वारा सुटला होता. पदूचा आवाज आला तो मला ओळखता आला नाही.

"म्हणजे आईच्या लेखी मी होतो, मावशी."

"तिच्या लेखी व्हतास," जयवंता म्हणाली. "मला इचारशील, तर नव्हतास. आनि सही माझी पायजे तुला."

"तुझं घर जाईल, मावशी."

"जाईल."

"अगं, मी काय वेगळं मागतोय? तू तेव्हा रजिस्टरच्या ऑफिसात म्हणालीस ना, आमच्या आळीतला आहे तो म्हणून?"

"म्हनले. तवा मला ते खरं वाटत व्हतं."

ती हे रागानं म्हणाली नाही. राग असता तर पदूला सोपं गेलं असतं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली. त्यानं कागदाची घडी केली, बॅगेत ठेवली. निघताना त्यानं ओट्याच्या कडेला हात टेकून जोडे घातले, त्याची आई घालायची अगदी तसे. "थोडा वेळ द्या, बाई," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी तो गेला. जगदीशनं आठवडाभर जयवंताशी बोलणं टाकलं. नळावर कुणीतरी म्हणालं, आता भोगा म्हणावं. कॅनडाहून एक मेसेज आला, तोच: थोडा वेळ द्या. पुढं काही आलं नाही.

तारखेला मी, मनोज आणि जयवंता मुंबईच्या कचेरीत गेलो. ती धुवट पांढरं लुगडं नेसली होती, चौदा एप्रिलला नेसते ते. अधिकारी तरुण मुलगी होती, तिनं जयवंताला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मराठीत विचारलं, "आजी, हे विकणारे त्या वर्षी भारतात राहत होते का?" मनोज जागेवर ताठ झाला. एवढ्या प्रश्नावर सारं होतं आणि त्या मुलीलाही ते ठाऊक असावं, कारण तिनं प्रश्न पुन्हा एकदा, हळू विचारला.

"नाय," जयवंता म्हणाली. "पंधरा दिस आला व्हता. घर इकायला."

मुलीनं लिहून घेतलं. मग जयवंतापुढं कागद सरकवला. जयवंतानं नाव लिहिलं, एकेक अक्षर, आणि काना लांब झाला का म्हणून मला दाखवलं.

आदेश आला तो अपेक्षेप्रमाणेच आला: कर आणि व्याज जयवंतानंच भरायचं. अपील करता येईल, मनोज म्हणाला, पण आधी काही रक्कम भरावी लागेल, आणि निकाल लागेपर्यंत वर्षं जातील. जयवंतानं विचारलं, "तवर घर कुनाचं?" मनोज कागद चाळू लागला. "मंग इकून टाका," ती म्हणाली. "सरकारनं दाराला कुलूप घालायच्या आधी मीच भायेर निघते." मनोजनं कचेरीची परवानगी काढून दिली. गिऱ्हाईक मुंबईचं मिळालं. त्यांना घर नको होतं, जागा हवी होती.

मोजणी करायला त्यांचा एक माणूस आला तेव्हा मी माझ्या अंगणात होते. एकटाच होता. त्यानं टेप काढली, दाराच्या चौकटीला लावली, आणि दुसऱ्या टोकाकडे गेला की हे टोक सुटायचं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो आजूबाजूला बघू लागला. जयवंता ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि उठली.

"द्या हिकडं," ती म्हणाली. "कुठं धरू?"

"इथं, आजी. चौकटीला. घट्ट दाबून धरा, हलू देऊ नका."

तिनं टेपचं टोक स्वतःच्या दाराच्या चौकटीवर ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. तो माणूस मागं मागं सरकत उघड्या घरातून परसापर्यंत गेला, चिकूच्या पलीकडं दिसेनासा झाला. टेप ताणली गेली. जयवंता चौकटीशी वाकून उभी होती, आणि तिचा अंगठा जराही हलत नव्हता.